मॅडमची नयी

आमच्या मॅडम प्रयोगशाळेतल्या जेलचा टणकपणा सांगताना आधी पदार्थाचं नाव घेत, आकडा नंतर. "हा खरवस झाला, अन् हे निरा पातय चून." मी पुण्याहून अमरावतीला त्यांच्याकडे पीएचडीला आले होते. चून म्हणजे पिठलं, हे मला मेसमध्ये कळलं.

काम असं होतं: कोलॅजन हे कातडीतलं प्रथिन. बर्फात पातळ राहतं, ऊब लागली की गोठतं. त्याचं प्रमाण बदलून मऊ किंवा टणक जेल करायचं आणि त्यात रोगप्रतिकारक पेशी वाढवायच्या. टणक जेलमध्ये त्या चवताळतात, मऊमध्ये शांत राहतात, असं आम्हाला एकदा दिसलं होतं. पण मॅडम एकदाचं काही मानत नसत. "पुन्हा झालं तं खरं, नाही तं गंमत." निवृत्तीच्या आत ते पुन्हा दिसावं, हा त्यांचा ध्यास. माझी पीएचडीही तिथेच अडलेली.

एका रणरणत्या दुपारी मॅडम घाईत म्हणाल्या, "बर्फातली नयी घे." मला वाटलं, हिंदी बोलल्या. मी मुख्य प्रयोगासाठी राखलेली कोलॅजनची नवी, सीलबंद बाटली फोडली आणि अख्खी मिसळून टाकली. त्यांना हवी होती सरावासाठी काढलेल्या कोलॅजनची नळी! वऱ्हाडात ळचा य होतो, हे माहीत असून माझ्या डोक्यात आलं नाही. सगळं भांड्यातच गोठून बसलं.

मी रडकुंडीला आले. मॅडमनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि हसतच सुटल्या. "तुयी काय चूक? पोरगी पुण्याची हाय, हे मीच इसरली." मग त्यांनी अकोल्याहून, आपल्या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेतून थोडं कोलॅजन मागून आणलं, एसटीत बर्फाचा थर्मास मांडीवर घेऊन. कंडक्टरनं विचारलं, "ताई, कुल्फी हाय काय?" मॅडम म्हणाल्या, "हाय भाऊ, पण मानसाले नाही भेटत."

त्यानंतर त्या माझ्याशी ळ जपून उच्चारत. ते ऐकून मला उगीच परकं वाटायचं.

निकाल आला तोवर मॅडम निवृत्त होऊन अकोल्याला गेल्या होत्या. मी फोटो घेऊन त्यांच्या घरी गेले. मऊ जेलमधल्या पेशी पुन्हा तशाच, गोल आणि निवांत. मॅडमनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. मग पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. "झालं न तुयं काम. आता काहून थांबून राहिली अमरावतीत?"

इतकी वर्षं पुण्याला पळायची घाई मलाच होती. तोंडातून निघालं, "मले नाही जायचं."

माझ्या वऱ्हाडीला त्या हसतील असं वाटलं होतं. त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.