शकूताईंचं पान

स्वयंपाक बारालाच आटोपला. पान वाढून, त्यावर दुसरं पान पालथं घालून ठेवलंय. मी भिंतीला टेकून जप करते आहे. एकशे आठातले चाळीस-पन्नास झाले असतील, माळ बोटांत थांबते. पापण्या जड होतात. सवाष्ण जेवल्याशिवाय मी आज पाणीही घेणार नाही. दार सताड उघडं आहे. सवाष्णीची वाट बघताना आमच्यात दार लावत नाहीत. बाहेर मधमाश्यांच्या पेट्या गुणगुणताहेत आणि ती गुणगुण हळूहळू माझ्या डोक्यात शिरून बसते.

आज अविधवा नवमी. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईच्या नावाने पितृपक्षात या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. ह्यांची पहिली बायको शकुंतला घरच्या विहिरीत पाय घसरून गेली, असं मला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. तिची आकृती उठवलेला चांदीचा टाक देवांत ठेवलेला. दुसरेपणावर आलेल्या बाईने सवतीच्या टाकाची पूजा करायची असते. सोळा वर्षं मी ती रोज केली, एक दिवस चुकवली नाही. यंदा श्रावणात हे म्हणाले, "चल, विहिरीचं पाणी किती चढलंय बघून येऊ." कठड्याशी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दाबला. मी दगडाला घट्ट धरलं तेव्हा हसले. "गंमत केली गं."

दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन येते असं सांगून निघाले ती इथे आले. धरणाच्या पाण्यापलीकडे माझ्या मावसभावाने मधाच्या पेट्यांसाठी बांधलेल्या या दोन खोल्या. लाँचशिवाय इथे यायला वाट नाही. येताना दोन साड्या घेतल्या आणि टाक घेतला.

उंबऱ्यावर सावली पडते. हौसाबाई आली असणार. लाँचवाल्या पांडूची बायको. आज तिलाच जेवायला सांगितलंय.

"या. आधी पाय धुवा," मी म्हणते.

"धुतलेलेच आहेत गं. कधीचे पाण्यातच आहेत."

हौसाबाई नाही. घरात शकूताईंचा एकही फोटो नव्हता, तरी मी ओळखते. घासून घासून टाकावरचं नाक झिजलंय ना, तसंच हिचंही झिजलेलं. डोळे जेमतेम कोरल्यासारखे.

"बघतेस काय? तुझीच करणी आहे. रोज चिंच लावून घासलंस. वर थंड दूध. बारा महिने सर्दी असते मला."

"चुकलं, ताई."

"चुकलं म्हणायची तुला भारी घाई. बस."

ती पाटावर बसते. जमीन आता शेणाने सारवलेली नाही, आमच्या घरची शहाबादी फरशी आहे. स्वयंपाकघराची ती लहान खिडकी, तिच्यातून विहिरीचा रहाट दिसतो. मला कशाचंच नवल वाटत नाही. मी पदर खोचते आणि वरचं पान काढते.

"ताई, एक विचारू? तुमचा पाय…"

"पाणी किती चढलंय बघू म्हणाला."

एवढंच. मग ती अळूची भाजी बोटाने चाखते. "चिंच जरा पुढे आहे."

रहाट खिडकीत नाही, माझ्या शेजारीच आहे. आम्ही दोघी लाँचच्या फळीवर बसलोय, पान मध्ये, आणि खालच्या हिरव्या पाण्यात विहिरीच्या पायऱ्या उतरत गेलेल्या दिसतात.

"तुला शोधायला तो कुठे कुठे गेला?"

"माहेरी जाऊन आले म्हणे. बहिणीकडेही. मग थांबले."

"थांबला, हे तुला बरं वाटलं."

"हो. वाटलं, देवाने ऐकलं."

"वेडे, तो तुला शोधतच नाहीये. माझं पान शोधतोय." ती वडा मोडते. "त्याला पक्कं ठाऊक आहे, ही बाई स्वतः उपाशी मरेल पण शकूची नवमी चुकवणार नाही. गावोगाव विचारत इथवर आला; आठ दिवस झाले, पलीकडे लाँचच्या धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत बसून असतो. गोड बोलतो, सगळ्यांना चहा पाजतो. विचारतो, इकडे कुणा परक्या बाईने नवमीची सवाष्ण सांगितलीय का हो?"

परवा मीच पांडूला सांगितलं होतं. माझ्या सवतीची नवमी आहे, वहिनींना जेवायला पाठवा, येताना खण आणि हिरव्या बांगड्या आणा. पांडू लाँचच्या इंजिनावर आवाज चढवून बोलायला शिकलेला माणूस. चहा पितानाही तो तसाच बोलतो.

"मग मी काय करू, ताई?"

"मला विचारतेस? मला कळलं असतं तर चांदीची होऊन तुझ्या ताम्हनात बसले असते का?"

"तुम्ही अडवा ना ह्यांना."

"अजून 'ह्यांना'च!" ती हसते. मग हसत नाही. "मेलेल्याला दिसतं सगळं गं. अडवायला हात पोचत नाहीत. जेवायला पोचतात, तेवढंच. तू उठ आणि दार लाव."

"आज दार कसं लावू? सवाष्ण यायची आहे."

"लाव म्हणते ना!"

"ती जेवल्याशिवाय तुम्हाला पोचणार नाही. वर्षभर उपाशी राहाल तुम्ही."

ती माझ्याकडे बघत राहते. झिजलेल्या चेहऱ्यावर काय आहे ते मला वाचता येत नाही. मला उठायचंय. पाय उठत नाहीत, पाणी गुडघ्यांपर्यंत आलंय आणि त्याला तळाकडे ओढ आहे. मी देवाचं नाव घेऊ बघते तर ओठांवर ह्यांचंच नाव येतं, सोळा वर्षांत उखाण्याशिवाय कधी न घेतलेलं.

"मग मीच जेवते," शकूताई म्हणते. "माझं मीच. वाढ."

ती भराभर जेवते. सगळ्यांचं झाल्यावर, कुणी हाक मारायच्या आत दोन घास उरकणाऱ्या बाईसारखी. मी वाढत राहते. भात, वरण, वडे.

"आणखी थोडी खीर?"

"पुरे. आला तो."

इंजिनाची धडधड. फळी हलते, आणि मी भिंतीला टेकलेली आहे. माळ मांडीवर पडलेली. उन्हाची तिरीप उंबऱ्यावर. धडधड मात्र थांबलेली नाही. ती खरीच आहे. खाली काठाशी येऊन बंद पडते.

"वैनी!" हौसाबाईचा आवाज चढण चढत येतो, आनंदाने फुटलेला. "वैनी, बगा तरी कोन आलंय! तुमचं मालक आल्यात! हिरव्या बांगड्यासुदिक त्येंनीच घेतल्या!"

मी पानाकडे बघते. वरचं पान बाजूला पडलंय. खालचं पान जेवून उठणाऱ्याने दुमडावं तसं दुमडलेलं आहे.

मग मी उठते. पाय उठतात. दार लावते, कडी घालते. ती एकच कडी आहे आणि तिचे स्क्रू सैल आहेत. मागच्या खोलीला दार नाही. असतं तरी पुढे पाणीच.

पावलं येतात. थांबतात. ह्यांचा आवाज कधीच चढत नसे, आत्ताही चढत नाही.

"अगं, दार उघड. नवमीच्या सवाष्णीला कुणी दाराबाहेर उभं करतं का? तूच ना सांगायचीस मला?"

माझा हात सवयीने कडीकडे जातो. तिथेच थांबतो.

"सवाष्ण जेवून गेली," मी म्हणते. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू येतो.

"आँ? आवो, म्या तर हितंच हाय की!" हौसाबाई खळखळून हसते. हे हसत नाहीत.

मी दाराला पाठ लावून खाली बसते आणि पान मांडीवर घेऊन उलगडते. एक शीतही उरलेलं नाही. कडेला खिरीचं बोट पुसलेलं आहे, अजून ओलं.