तेरा पावलं

माझ्या मेहुण्याइतका सावध माणूस आमच्या गावात दुसरा नव्हता, आणि त्या सावधपणानेच त्याचं घर मोडलं. हे मी त्याच्या तोंडावरही बोललो आहे. पण बोललो तेव्हा फार उशीर झाला होता.

डेल्मर स्ट्राउड त्याचं नाव. माझ्या थोरल्या बहिणीचा, ओलेटाचा नवरा. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या या डोंगराळ भागात छत्तीस वर्षं त्याने घरोघरी गॅस भरायचा टँकर चालवला. त्यांचं घर माझ्या घरासमोर, रस्त्यापलीकडे. गावात माझं केस कापायचं दुकान आहे, त्यामुळे गावातल्या प्रत्येकाचं डोकं माझ्या हाताखालून जातं. डेल्मरचं तेवढं मला कधी कळलं नाही.

बारा वर्षांपूर्वी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला, त्या शनिवारची गोष्ट. त्या दिवशी गावातले सगळे पुरुष रानात असतात, हे चोरांनाही ठाऊक असतं. डेल्मरचा गुडघा सुजला होता म्हणून तो घरीच खुर्चीत पडून होता. दोघे जण स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरले. ओलेटा बिस्किटांचं पीठ मळत होती. एकाने तिचं मनगट पिरगळून मोडलं आणि पिठाने माखलेल्या बोटातून आमच्या आईची अंगठी ओढून काढली. डेल्मरचं पिस्तूल आतल्या खोलीत कपाटात होतं. त्याच्या खुर्चीपासून कपाटापर्यंत तेरा पावलं. दुसरा चोर पहार घेऊन त्याच्यासमोर उभा होता. बायको किंचाळत होती आणि हा बसून राहिला.

ती तेरा पावलं त्याने नंतर मोजली. कितीदा मोजली असतील देव जाणे.

त्या दिवसापासून पिस्तूल त्याच्या कमरेला आलं ते आलंच. आमच्याकडे बाहेर जाताना पिस्तूल लावणं म्हणजे टोपी घालण्यासारखं आहे, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मीही लावतो. पण डेल्मर घरात लावायचा. नाश्त्याला, टीव्हीसमोर, दाढी करताना. ढगळ विजारीवर ते पेलत नाही म्हणून विजारीवर पट्टा आवळायचा. एकदा पट्टा न लावता मांस भाजायला अंगणात गेला आणि सगळ्या नातेवाइकांसमोर पिस्तुलाच्या वजनाने विजार घोट्यापर्यंत आली. आम्ही पोट धरून हसलो. ओलेटा म्हणाली, "चोर आला तर हसूनच मरेल बिचारा."

मग त्याने सराव सुरू केला. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, नाश्ता झाला की डेल्मर बाहेर ओट्यावर जायचा आणि चोर होऊन स्वयंपाकघराच्या दारातून आत यायचा. जाड बूट आपटत, एक शब्द न बोलता. ओलेटाने झोपायच्या खोलीत पळायचं, कडी लावायची, पलंगाआड बसायचं, छोट्या लोखंडी पेटीची चार बटणं दाबून आपलं पिस्तूल काढायचं आणि शेरीफच्या कचेरीला फोन करून काय सांगायचं ते म्हणून दाखवायचं. नाव, पत्ता, घरात हत्यारबंद माणूस शिरलाय, मी मागच्या खोलीत आहे. डेल्मर घड्याळ लावून वेळ मोजायचा. पहिल्या वेळी तिला जवळजवळ मिनिट लागलं आणि ती मध्येच हसत सुटली. दोन वर्षांत एकोणीस सेकंदांवर आली. पुढे तिने हसणंही सोडलं. मी एकदा खिडकीतून पाहिलं होतं. त्या क्षणी तिचा चेहरा खरंच भ्यालेला होता. मी दाद दिली, "वा, ओलेटा!" माझ्यासारखा मूर्ख मीच.

तिचं विसरणं सुरू झालं तेव्हा ती बहात्तरची होती. आधी मीठ दोनदा पडायला लागलं, मग चर्चमधल्या बायकांची नावं गेली, मग मुलीचं, जनेलचं. डेल्मरने तिला जितकं सांभाळलं तितकं मी कुणाला सांभाळताना पाहिलेलं नाही. न्हाऊ घालायचा, केस विंचरायचा, सूप फुंकून भरवायचा. तिच्या पेटीतलं पिस्तूल त्याने वेळीच काढून माझ्याकडे ठेवायला दिलं. स्वतःच्या कमरेचं मात्र ठेवलं.

एका दुपारी मी तिच्याजवळ बसलो होतो. डेल्मर मोरीवर बशा धूत होता. तिने माझी बाही ओढली.

"त्या माणसाकडे बघू नकोस," ती कुजबुजली. "त्याच्या कमरेला पिस्तूल आहे."

मी त्याच दिवशी डेल्मरला अंगणात गाठलं आणि सांगितलं, ते काढ. ती तुला घाबरते आहे. तो म्हणाला, मागच्या वेळी काढून ठेवलं होतं, रॉइस, तेव्हा काय झालं ते तिच्या मनगटाला विचार. जनेलने फोनवर निर्वाणीचं सांगितलं, एक तर ते कुलपात जाईल, नाहीतर आईला मी तिथून हलवीन. तेव्हा त्याने तोड काढली. सदरा विजारीबाहेर सोडून पिस्तूल त्याखाली झाकलं. पण तिला उचलून खुर्चीत बसवताना तिचा हात नेमका तिथे लागायचा आणि तिचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं.

ते तीन आठवडे चाललं.

मेमधल्या एका सकाळी तो अंगणातलं गवत कापून आत आला. पायात जाड बूट, हातात काही नाही, दमल्यामुळे तोंडातून शब्द नाही. स्वयंपाकघराच्या दारातून आत. दहा वर्षं दर महिन्याला तिने चोर पाहिला होता तो असाच. आणि त्याचा चेहरा दर वेळी डेल्मरचाच होता. हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात कधी शिरलं नव्हतं.

कडी लागल्याचा आवाज त्याने ऐकला. मग पेटीची चार बटणं. पेटी रिकामी होती, त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. मग फोन. जिला पोटच्या मुलीचं नाव आठवत नव्हतं, तिने नाव, पत्ता, हत्यारबंद माणूस, मागची खोली, सगळं बिनचूक सांगितलं.

शेरीफची गाडी दिसली तसा मी रस्ता ओलांडून धावलो. कॉब नावाचा पोलीस, ज्याची पहिली दाढी मी केली होती, स्वयंपाकघरात पिस्तूल रोखून उभा. डेल्मर त्या कडी लावलेल्या दाराशी, हात वर करून. अशा वेळी हालचाल करायची नाही हे त्यानेच गावातल्या कितीजणांना शिकवलं होतं. कॉबने त्याचा सदरा वर केला आणि पिस्तूल काढून घेतलं. मी हाक मारली तेव्हा ओलेटाने दार उघडलं.

"हाच तो," ती कॉबला म्हणाली. "आणि माझ्या नवऱ्याचं काय केलंय ते विचारा याला. डेल्मर असता तर हा आत आलाच नसता."

डेल्मरचे हात अजून वरच होते. खाली घे म्हणून कॉबने त्याला दोनदा सांगितलं.

जनेलने जूनमध्ये तिला शहराजवळच्या वृद्धांच्या घरात ठेवलं. मी डेल्मरबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या दारावर हत्यार आत न आणण्याची पाटी होती. कॉबने परत केलेलं पिस्तूल त्याने गाडीत कुलपात ठेवलं. रिकाम्या कमरेवर सारखा हात नेत तो आत गेला. ओलेटा खिडकीशी होती. तिने सदऱ्यावरून त्याच्या कमरेला दोन्ही बाजूंनी हात फिरवला आणि तिचा चेहरा सैल पडला.

"बसा," ती म्हणाली. "तुम्ही भले गृहस्थ दिसता."

तो बसला. तिने आपला हात त्याच्या हातात दिला. वर्षभरात तिने असं केलं नव्हतं.

"मला घरी पाठवू नका," ती म्हणाली. "तिथे तो माणूस असतो. पाठवणार नाही ना?"

"नाही पाठवणार," डेल्मर म्हणाला.

"शब्द द्या."

त्याने शब्द दिला. येताना साठ मैल गाडी मीच चालवली. बोलण्यासारखं सगळं मी आधीच बोलून चुकलो होतो आणि आता ते खरं ठरून काही उपयोग नव्हता.

घरी पोचल्यावर मी त्याच्यामागून आत गेलो. त्याने पट्टा सोडला, आतल्या खोलीत जाऊन पिस्तूल कपाटात ठेवलं आणि परत येऊन खुर्चीत बसला. स्वयंपाकघराचं दार उघडंच राहिलं होतं. मी ते लावायला उठलो.

"राहू दे," तो म्हणाला. "आता कुणासाठी लावायचं?"