बस्त्याच्या दिवशी मी काय म्हणाले

बाळांनो,

मागच्या रविवारी फोनवर मोठीचं आणि तिच्या आईचं भांडण मला अर्धंच ऐकू आलं. मावसबहिणीच्या लग्नात घागरा घालायचा नाही म्हणून मोठी रडत होती, आणि एक दिवस घातलास तर काय बिघडतं, असं तिची आई म्हणत होती. मग मोठीने फोन घेऊन मला विचारलं, "आजी, आत्यापण अशीच होती ना? तिला कुणी ओरडायचं का?"

मी "सांगेन नंतर" म्हणून फोन ठेवला. बोलताना मी स्वतःची बाजू घेतली असती. लिहिताना खोडता येतं. तुमचे बाबा हे तुम्हाला वाचून दाखवतील. अडेल तिथे त्यांना विचारा, पण यातलं बरंचसं त्यांनाही माहीत नाही. ते तेव्हा परदेशी गेले होते.

ओरडणारी मीच होते. का, ते सांगायला तुमच्या पणजीपासून सुरुवात करावी लागेल.

माझी आई कोडोलीची. तिच्या लहानपणी तिच्या घरातल्या बायकांच्या अंगावर दुसऱ्यांनी वापरून टाकलेली लुगडी असत. कापडाच्या दुकानाची पायरी त्यांना चढता येत नसे. खाली उभं राहून सांगायचं आणि वरून टाकलेलं कापड झेलायचं. पुढे आपल्या लोकांनी धम्म स्वीकारला, तेव्हा मी लहान होते. सभेला जाऊन आलेल्या बायका घरोघरी सांगत की स्वच्छ राहा, नीट नेसा, कुणाचं उतरलेलं अंगावर घेऊ नका. आईने ते आयुष्यभर पाळलं. तिच्याकडे दोनच पातळं होती, पण तांब्यात निखारे घालून ती रोज इस्त्री करायची.

मी शिकले, इंग्रजीत एम.ए. झाले, कोल्हापुरात शाळेत लागले. रोज खळ घातलेली सुती साडी, रंग जुळणारा ब्लाउज, खांद्यावर पिन. शिक्षकांच्या खोलीत कुणी "बाई, साडी छान" म्हणालं, की ते माझ्या आईला म्हटल्यासारखं वाटे. नेसण्याकडे आमच्या घरात कुणी हौस म्हणून पाहिलंच नाही. त्यात आमची इज्जत होती.

आणि माझ्या मुलीला, तुमच्या आत्याला, भावाचे जुने शर्ट आवडायचे. तुमच्या बाबांना आखूड झालेला शर्ट ती कपाटातून काढून घालायची आणि बाह्या दुमडून खुशाल बाहेर पडायची. तिला तो मऊ लागायचा, एवढंच कारण. मला मात्र त्यात उतरलेले कपडे दिसायचे. मी शर्ट लपवून ठेवू लागले.

ती कॉलेजात गेली त्या वर्षी मी तिला महाद्वार रोडला कपडे घ्यायला नेलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. दुकानात शिरल्याशिरल्या तिचे खांदे आत गेले. दुकानदार मोठा बोलका होता. एकेक ड्रेस उलगडून तिच्या खांद्याला लावत म्हणाला, "ह्यो घ्या की, ताई. गुलाबी रंग खुलतोय बघा तुमास्नी. आरशात बघा की जरा, आरसा काय खात न्हाय!"

दुकानातल्या चारपाच बायका हसल्या. ती आरशाकडे पाठ करून उभी राहिली. मी तिच्या हाताला धरून तिला वळवलं. चार ड्रेस घेतले, बांगड्या घेतल्या, पावडरचा डबा घेतला. घरी येताना ती म्हणाली, "आई, हे सगळं अंगावर घातलं की मीच माझ्या अंगात पाव्हणी आल्यासारखं वाटतं. कधी एकदा निघते असं होतं."

मी म्हणाले, "असलं काही नसतं. सवय होते."

शिक्षण संपल्यावर कागलच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. उसाच्या रसाचे नमुने तपासायचे. शर्ट-पँट घालून ती पहाटेची एस.टी. पकडायची आणि अंगाला मळीचा वास घेऊन संध्याकाळी परत यायची. तेव्हा ती खूप बोलायची. आज नमुन्यात काय निघालं, चीफ केमिस्ट काय म्हणाले, गाडीत कुणाची कोंबडी सुटली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती तासभर सांगत बसायची आणि मी कणीक मळत ऐकायची. शर्टावरून मी अधूनमधून बोलायची, पण ते तेवढ्यापुरतं. ती दोनतीन वर्षं आमच्या घरातली सगळ्यात चांगली वर्षं होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मग जयसिंगपूरचं स्थळ आलं. आपलीच माणसं, शिकलेली, मुलगा बँकेत. दोघं दोनदा भेटली, बोलली. तिला मुलगा आवडला. होकार देण्याआधी तिने मला ओट्यापाशी गाठलं.

"आई, लग्नात मी पांढरी साडी नेसेन. आपल्याकडे नेसतात ती. पण सुती, आणि मी निवडलेली. पार्लर नको, लिपस्टिक नको. एवढं मला कबूल कर."

"बरं."

"बरं न्हाय. कबूल म्हण."

"कबूल," मी म्हणाले. तिने माझे कणकेचे हात तसेच धरले. आपल्या आईकडून तिने मागितलेली ती एकच गोष्ट.

लग्नाआधी बस्ता असतो. तुम्ही तो पाहिलेला नाही. दोन्हीकडची माणसं एका दिवशी एकाच दुकानात बसतात आणि लग्नाचे सगळे कपडे, नवरीच्या साडीपासून मामाच्या टोपीपर्यंत, एकत्र घेतात. आमचा बस्ता कोल्हापुरातल्या एका मोठ्या दुकानात होता. वर गाद्या घातलेल्या होत्या. मालक स्वतः जिन्यापर्यंत आले, "या बाई, या साहेब" म्हणाले. चहा आला. मी गादीवर बसले आणि पायरीखाली उभं राहून कापड झेलणारी माझी आई मला आठवली. त्यानंतर तिथे मी जे केलं ते त्या आठवणीपायीच केलं, असं मला आता वाटतं. पण ही सबब झाली.

तुमच्या आत्याने तिची साडी आधीच हेरून ठेवली होती. पांढरी सुती, बारीक निळ्या काठाची. तिने ती पुढे ठेवली. तिची होणारी सासू मोठ्या आवाजाची बाई, मनाने वाईट नव्हती. तिने साडी बोटांत धरून पाहिली.

"अगं बाई, ही तर नर्सबाईची साडी! लगीन हाय का ड्यूटीवर जायचं हाय?"

सगळे हसले. तुमची आत्यापण हसली. तिला वाटलं, यावर आता आई बोलेल.

"विहीणबाई," सासू मला म्हणाली, "तुम्ही एवढ्या शिकलेल्या. तुमीच सांगा की पोरीला. लोकं म्हणतील, सून आणली आन् धड साडी न्हाय घेतली."

दुकानाचा माणूस तेवढ्यात जरीची पांढरी रेशमी साडी घेऊन आला आणि तिच्या ड्रेसवरूनच भराभर नेसवू लागला. ती वीस माणसांसमोर हात बाजूला करून उभी होती. तिच्या नणंदेने पर्समधून लिपस्टिक काढली. "वैनी, जरा लावून तर बघू, कसा चेहरा उजळतोय."

तुमच्या आत्याने माझ्याकडे पाहिलं. हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "आई, आपलं काय ठरलं होतं?"

मालक पाहत होते. विहीण पाहत होती. पुढ्यात चहाचे कप होते. त्या गादीवर बसून सगळ्यात साधी, सगळ्यात स्वस्त साडी मागायला माझी जीभ वळेना. आमच्या घरात चारचौघांत मुलांना दटावायचं असलं की मी इंग्रजी वापरायची. तशीच मी म्हणाले, "डोन्ट मेक अ सीन."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सगळे गप्प झाले होते आणि मला ती शांतता मोडायची होती. मी हसत, मोठ्याने म्हणाले, "जन्मभर भावाचे शर्ट घातलेत हिनं. हिला बाईमाणूस करायचं आमच्याकडनं राहूनच गेलं. आता तुम्हीच करून घ्या."

केवढा हशा पिकला! सासूने माझ्या मांडीवर थाप मारली. "करतो की! महिन्यात करतो!"

तुमच्या आत्याने तोंड मिटलं आणि हनुवटी वर केली. नणंदेने लिपस्टिक लावली. मग शिंप्याने ब्लाउजचं माप घेतलं, तेव्हा तिने सांगितल्याप्रमाणे हात उचलला, खाली केला. पुढच्या साड्यांना तिला विचारलं तर म्हणाली, "आई सांगेल ती."

रिक्षातून घरी येताना मी खुशीत होते. तुमच्या आजोबांना म्हणाले, "पाहिलंत? शहाणी झाली."

ते म्हणाले, "वाटेत एक शब्द बोलली न्हाय ती."

"दमली असेल," मी म्हणाले.

लग्नाच्या सकाळी पार्लरची बाई घरी आली. तीन तास चाललं. मी शेजारी उभी राहून पिना देत होते. तिने मान हलवली नाही की तक्रार केली नाही. शेवटी डोळे मिटलेलेच ठेवून फक्त विचारलं, "झालं?" लग्नात बुद्धवंदनेला ती उभी राहिली तेव्हा माझ्या मैत्रिणी म्हणाल्या की ओळखू येत नाही. मला ती स्तुती वाटली.

जयसिंगपूरहून रोज कागलला जाणं लांब पडायचं आणि घरच्यांना शर्ट-पँट पसंत नव्हती. नोकरी सुटली. ती मला फोन करायची. "आई, बारशाला कुठली साडी नेसू? काकूंच्या साठीला कुठली?" मी सांगायची, हिरवी नेस, गळ्यात ती बारीक साखळी घाल. मला वाटायचं, आता कुठे ही माझी लेक झाली. मी शाळेत कौतुकाने सांगायची, लग्नानंतर मुलगी आईच्या जवळ येते म्हणून. कारखान्याच्या दिवसांसारखं ती आता काही सांगत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी विचारलं तर म्हणायची, "सगळं छान आहे, आई."

सात वर्षांनी एकदा शाळेत मला फोन आला. "आई, मी कागलला खोली घेतलीय. आमचं दोघांचं समजुतीने वेगळं व्हायचं ठरलंय, कागद झाले. कारखान्यात पुन्हा घेतलंय मला. महिना झाला."

मी तशीच एस.टी.ने गेले. एक खोली, खाट, गॅसची शेगडी, दोरीवर दोन पँटी वाळत. केस कानापर्यंत कापलेले. तिने मला पाणी दिलं. सासरचे कसे वागले, मी विचारलं. "चांगले वागले. कुणी हात लावला नाही, उपाशी ठेवलं नाही. मलाच जमेना. सकाळी उठून जी बाई तयार व्हायची ती मी नव्हते, आणि त्यांना तीच हवी होती. नवऱ्याला तरी का दोष देऊ?"

"अगं, पण मला आधी का नाही सांगितलंस?"

ती दोरीवरचे कपडे काढत होती. "सांगितलं होतं की, आई. बस्त्याच्या दिवशी."

"ते साडीचं होतं गं."

"व्हय," ती म्हणाली. "साडीचंच होतं."

मग तिने चहा केला. मला आवडतो तसा, कमी साखरेचा. संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटेपर्यंत थांबली.

तेव्हापासून ती महिन्यातून एकदा येते. माझी औषधं आणते, बिलं भरते. आजोबा गेले तेव्हा सगळं तिनेच पाहिलं. माझ्यावर ती कधी आवाज चढवत नाही. कारखान्यात आज काय झालं, हे मात्र सांगत नाही. मी विचारलं तर एका वाक्यात उत्तर देते, शाळेतल्या तपासणी अधिकाऱ्याला द्यावं तसं. एकदा मी म्हणाले, "शर्ट घ्यायला जाशील तेव्हा मला ने बरोबर." म्हणाली, "कशाला, आई? जिने फार असतात." तिने ते प्रेमाने म्हटलं. म्हणून पुन्हा विचारायचं मला धाडस झालं नाही.

हे लिहू का, असं मी गेल्या आठवड्यात तिला विचारलं. मुलांना कळावं असं वाटतं, म्हणाले.

ती विचार करून म्हणाली, "लिही. पण जयसिंगपूरच्या माणसांना वाईट म्हणू नकोस. ती वाईट नव्हती."

"आणि माझं काय लिहू?"

ती भांडी पुसत होती. हातातलं ताट पुसून झालं, तिने ते फळीवर लावलं.

"तुझं तू ठरव, आई," ती म्हणाली.

रागावून म्हणाली असती तर मी रडून मोकळी झाले असते. तिने ते अगदी साधेपणाने म्हटलं, आणि पुढचं ताट घेतलं. म्हणून मी जे घडलं आणि मी जे म्हणाले ते जसंच्या तसं वर लिहिलं आहे. त्यातलं एक वाक्य मी तीन वेळा खोडलं होतं. ते कुठलं, ते तुम्हाला कळलं असेल. ते मी पुन्हा लिहून काढलं आहे.