आगीच्या सूचना कोण वाचतंय?

नव्वदच्या दशकात बद्रुद्दीन पिंजारी यांचं शहरातल्या भद्रकाली भागात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान बरं चाललं होतं. पुढे टीव्ही बिघडेनासे झाले, आणि बिघडलेच तर लोक सरळ नवा आणू लागले. तेव्हा बदरूभाईंनी चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटरचा क्लास लावला. क्लासमधल्या पोरी त्यांना काका म्हणायच्या आणि वर्गातले बंद पडलेले माउस त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायच्या. दोन हजार चारच्या सुमारास पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये त्यांना सिस्टिम इन्चार्जची नोकरी लागली. त्यांची बायको सितारा गल्लीत सांगताना त्यातला 'सिस्टिम' गाळायची. नुसतं 'इन्चार्ज' जास्त भारदस्त वाटतं, असं तिचं मत होतं.

ऑफिसातली सगळी मशीन्स बदरूभाईंनी एका तारेत जोडली आणि त्यांना नावं दिली: हिशोब, रवानगी, फाटक, साहेब. प्रत्येक मशीनवर एक फोल्डर सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, म्हणजे कागद घेऊन कोणाला पळापळ नको. काम सुरळीत चाललं होतं. मग एक दिवस रवानगीच्या फोल्डरात विचित्र नावाची एक फाईल दिसली. बदरूभाईंनी ती पुसली. दुसऱ्या दिवशी तीच फाईल हिशोबाच्या मशीनवर. तिथून हाकलली, तर फाटकावर.

व्हायरस शोधणारा प्रोग्राम 'सर्व ठीक आहे' असं सांगून मोकळा झाला. बदरूभाई मूळचे संशयी. दुकानात असताना गिऱ्हाईक पाठमोरं झालं तरी त्यांची नजर त्याच्या पिशवीवर असायची. हे ऑफिसातल्याच कोणाचं तरी काम आहे, अशी त्यांची खात्री झाली.

"साहेब, सापळा लावतो," ते मॅनेजर समाधान निफाडे यांना म्हणाले.

"लावा. पण माल पॅक व्हायचा थांबता कामा नये."

बदरूभाईंनी आपल्या मशीनवर 'पगारवाढ' नावाचं एक रिकामं फोल्डर खुलं ठेवलं. कोणी ते उघडलं की कुठल्या मशीनवरून उघडलं ते लिहून ठेवणारा एक छोटा प्रोग्राम केला. पण दिवसभर त्या पडद्यासमोर कोण बसणार? म्हणून जुनं कसब वापरून त्यांनी त्याची तार थेट पॅकहाउसच्या भोंग्याला जोडली. चोर सापडला की गावाला कळलं पाहिजे!

सकाळी चहा व्हायच्या आत भोंगा वाजला. शेडमध्ये द्राक्षं निवडणाऱ्या बायकांनी हातमोजे काढले आणि डबे उघडले. त्यांना कशीबशी परत टेबलाशी आणली, तोच पुन्हा भोंगा. जेवणाच्या खऱ्या सुट्टीपर्यंत बायका अनेकदा जेवायला बसल्या आणि उठल्या. त्यांची मुकादम सुलाबाई कमरेवर हात ठेवून ऑफिसच्या दारात उभी राहिली.

"भोंगा झाला म्हंजी सुट्टी. आमी काय इचारत बसायचं? आता तर डब्यात काय ऱ्हायलं बी नाय!"

फोल्डर उघडणाऱ्यांत फाटकावरचा वॉचमन होता, रवानगीचा रिझवान होता, हिशोबाच्या मंगलाबाई तर तीनदा होत्या. आणि शेवटचं नाव होतं खुद्द साहेबांच्या मशीनचं.

"साहेब, तुम्हीसुद्धा? पगारवाढ तर तुम्हीच ठरवता!"

"तरी म्हटलं बघावं," निफाडे नजर चुकवत म्हणाले, "माझ्या नकळत कोणी ठरवतंय की काय."

भोंग्याची तार त्याच दिवशी निघाली.

बदरूभाई खट्टू झाले. माणसाला ज्याचा मोह आहे ते ठेवलं तर सगळेच येणार. मग चोर ओळखायचा कसा? मोह अजिबात होणार नाही असं काय आहे? आणि मग त्यांना आपलंच एक जुनं दुखणं आठवलं. कोल्ड स्टोरेजला आग लागली तर काय करायचं, याच्या सूचना त्यांनी स्वतः टाइप करून एका खुल्या फोल्डरात ठेवल्या होत्या. 'कृपया सर्वांनी वाचाव्यात' अशी विनवणीही केली होती. वर्ष झालं, कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. ऑफिसातला माणूस ते उघडणार नाही. जो उघडेल त्याला इथलं काय कामाचं आणि काय बिनकामाचं हेच ठाऊक नसणार.

या वेळी तो छोटा प्रोग्राम त्यांनी सगळ्या मशीनवर बसवला आणि आगीच्या फोल्डराला भोंग्याऐवजी चिमणीसारखी चिवचिवणारी दारावरची बेल जोडली. बरेच दिवस चिमणी गप्पच राहिली.

हंगामातला पहिला कंटेनर हॉलंडला निघाला त्या दुपारी सगळे अंगणात जमले. नारळ फुटला, पेढे वाटले. बदरूभाईंच्या तोंडात पेढा असतानाच खिडकीतून चिवचिवाट ऐकू आला. त्यांनी भोवताली पाहिलं. निफाडे, रिझवान, मंगलाबाई, वॉचमन, सगळे समोर उभे. ऑफिस रिकामं. पेढा तसाच गालात धरून ते धावले, आणि त्यांच्यामागे बाकीचे.

पडद्यावर नाव होतं: हिशोब.

"मी तर तुमच्यासमोर उभी आहे!" मंगलाबाई कडाडल्या.

"तुम्ही नाही. तुमचं मशीन."

"माझं मशीन माझ्याशिवाय कुठं जातंय?"

ते जात होतं. हिशोबावरून रवानगीत, तिथून साहेबांच्या मशीनवर. आणि हा व्हायरस नव्हता. कोणीतरी दूर बसून सवडीने एकेक फाईल उघडत होतं, थोडं थांबत होतं, पुढची उघडत होतं. आगीच्या सूचना तर त्याने शेवटपर्यंत वाचल्यासारख्या वाटल्या. बदरूभाईंच्या मनात भीतीबरोबर किंचित समाधानही आलं, आणि ते बघतच राहिले.

"चोर हाय कुठं?" मागून सुलाबाईने विचारलं.

"तारेत."

"मंग वढा की तार!"

बदरूभाई भानावर आले आणि त्यांनी तारच उपटली. चिमणी गप्प झाली.

पुढचे काही दिवस कागद हातानेच फिरले. शोध घेतल्यावर कळलं, मंगलाबाईंनी ईमेलवर अनोळखी माणसाकडून आलेलं एक शुभेच्छापत्र उघडलं होतं. चोर त्यातून शिरला होता. आणि सगळ्या मशीनला पासवर्ड एकच असल्यामुळे त्याला सगळी घरं मोकळी मिळाली.

"काय होता पासवर्ड?" निफाड्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

बदरूभाईंचे कान लाल झाले. "सितारा," ते पुटपुटले.

रिझवानने शिट्टी वाजवली. मंगलाबाई हसू लपवायला फाईल शोधू लागल्या.

चोर कोण होता, कुठल्या गावचा होता, ते कधीच कळलं नाही. प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड आला, नको ती फोल्डरं बंद झाली. बातमी मात्र हायवेने पसरली आणि आसपासची पॅकहाउसं, वायनरी बदरूभाईंना बोलावू लागल्या. दिंडोरीच्या एका मालकाने तर त्यांना मोठ्या अभिमानाने कॉम्प्युटरची खोली दाखवली. लोखंडी दार, त्याला केवढं तरी कुलूप.

"वा!" बदरूभाई म्हणाले. "चावी कोणाकडे असते?"

"सगळ्यांकडे," मालक म्हणाला. "उगाच कोणाची अडचण नको."

बदरूभाईंनी पिशवी खाली ठेवली आणि आधी चहा मागवला.