उलटा खिळा

वहिनींचा, म्हणजे सदूच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी दहावीच्या वह्या तपासत होतो. "भाऊजी, हे गेले..." एवढंच बोलल्या. त्याला आता दीड महिना झाला आणि माझा राग अजून उतरलेला नाही. सदूवर नव्हे, स्वतःवरच.

आम्ही काळाचौकीच्या एकाच चाळीतले. मी मराठीचा मास्तर झालो, तो छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं जुळवायला लागला. छापखाना बंद पडला तसं त्याने तिथलं पायाने चालवायचं यंत्र आणि खिळ्यांचे खण उचलून आणले नि खोताच्या वाडीतल्या एका खोलीत मांडले. वर जुन्या ओवीतली समुद्राची ओळ, मध्ये लाकडात कोरलेला मासा, खाली माझं एखादं वाक्य, असे कागद तो छापायचा. भाऊच्या धक्क्यावरून मासळी घेऊन आला की धुमसत असायचा. "हातभर घोळ दिसत नाही रे आता. वीतभर पिल्लं विकतायत मेले!" त्याने माशाखाली 'घोळ' छापलं, तर प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं, "काय घोळ झालाय?" सदू पोट धरून हसला होता.

त्याच माशासाठी मी नवं वाक्य दिलं : कोवळी घोळ समुद्राला परत द्या.

"मास्तर, 'लहान' लिही ना. मोठ्या टायपात ळ एकच उरलाय, तो घोळीला लागणार."

"लहान वेगळं, कोवळी वेगळं. शब्द बदलणार नाही."

"मग तूच आण ळ पैदा करून!"

झालं. महिनाभर मी तिकडे फिरकलो नाही, आणि मग तो फोनच आला. काय मोठा तीर मारला मी!

परवा वहिनींनी खोली उघडली. यंत्राशेजारी ते वाक्य जुळवून ठेवलेलं होतं. अक्षर कमी पडलं की जुळारी त्या जागी दुसराच खिळा उलटा, पाय वर करून बसवतो. अक्षर मिळेपर्यंत जागा धरून ठेवायला. 'लहान' कुठेच नव्हतं. 'कोव'च्या पुढे एक उलटा खिळा होता.

"ळसाठी पार पुण्यापर्यंत फोन केले," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, मास्तरचा शब्द आहे, बदलायचा नाही."

सदू, 'लहान' चाललं असतं रे... अगदी चाललं असतं.

"भाऊजी, खण आवरायला घेतलेत. हे खिळे सोडवू का?"

मी त्या उलट्या खिळ्यावर बोट ठेवलं. बोटाला शिशाचा काळा डाग लागला.

"नको," म्हटलं. "ळ मिळेपर्यंत राहू द्या."