फिका कोपरा

छापलेला कागद उजेडाकडे धरून, तो कोणाच्या हातचा आहे हे आमच्या काकू सांगायच्या. दहा कागदांतून माझा बरोबर उचलून, शाई कशी ओढली आहे ते बघत म्हणाल्या होत्या, "ही तुझी ओढ. आधी घाबरते, मग घाई करते." माझा स्वभावच सांगितला होता बाईनं, आणि मला तेव्हा मनातून रागच आला होता. स्वतःची खूणही त्या लपवत नसत. त्यांच्या छापात मधोमध एक आडवी गडद रेघ यायची, कारण अर्ध्यावर त्या दम घ्यायला थांबत.

सिविल लाइंसच्या मागे, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. मझौलीच्या लग्नपत्रिका, पाटनच्या बियाणेवाल्यांच्या कापडी पिशव्या, असली आसपासच्या गावांची कामं. काका गेल्यावर त्यांनी ते एकटीनं चालवलं, आणि शिकवायलाही लागल्या. गल्ली सगळी हिंदी बोलणारी, ती त्यांना दीदी म्हणे, आम्ही मराठी घरच्या बाया काकू म्हणायचो. शाळेतली नोकरी सुटल्यावर घरी बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा पस्तिशीत मी त्यांच्याकडे गेले.

पहिला आठवडा नुसती जाळी, म्हणजे चौकटीवर ताणलेलं छपाईचं कापड, धुवायची. जाळी नीट धुतली नाही तर जुनं काम नव्यातून डोकावतं, असं त्या बजावायच्या, आणि मी मनात म्हणायची, हो बाई, धुते. मग हातात स्क्वीजी यायची, म्हणजे जाळीवरून शाई ओढायची लाकडी मुठीची रबरपट्टी. भिंतीवर पाच नव्या टांगलेल्या असत, पण प्रत्येक नवशिक्याला पहिल्यांदा एकच जुनी मिळे, मूठ काळी पडलेली. दहा छाप झाले की काकू फक्त खालचा उजवा कोपरा बघत, सुस्कारा सोडत आणि म्हणत, "चलो, आता नवी घे." माझ्यासमोर तिघींचं असंच झालं. तिघींचे कोपरे ठसठशीत भरलेले होते.

माझा फिका आला. काकूंनी त्या ओल्या कोपऱ्यावर बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. म्हणाल्या, "अच्छा. उद्याही हीच घे."

मी भित्री नाही, हे आधीच सांगून ठेवते. रबर तिथं झिजलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण त्याच रबरानं बाकीच्यांचा कोपरा कसा भरला? मी मुद्दाम जोर लावला, जाळी बदलली, टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं उभी राहिले. कोपरा फिकाच. ओढ संपत आली की माझं मनगट आपोआप वर उचललं जाई, कोणी अलगद धरून उचलावं तसं.

मग काकू मला बिनसाखरेचा चहा देऊ लागल्या. मी दोन चमचे साखर घेणारी बाई. चौथ्या दिवशी कप रिकामा झाल्यावर लक्षात आलं, की तो मला गोड लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी स्क्वीजी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, ही कोणाची? काकूंनी कपाटातून एक जुनी पिशवी काढली. कमळाचं चित्र, खालचा उजवा कोपरा फिका.

"नंदाची," त्या म्हणाल्या. नंदा त्यांची मुलगी, आजारानं गेलेली, एवढं मला ठाऊक होतं. "मनगट दुखे तिचं. शेवटी हात उचलायची. चहाही बिनसाखरेचाच प्यायची. ती गेली तेव्हापासून पाहून राहिली मी, कोणाच्या हातात उतरते म्हणून."

मला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. "काकू, मी नंदा नाही. माझा हात काहून नेऊन राहिल्या तुम्ही?"

त्या उठल्या. खरखरीत पॉलिश कागद टेबलावर पसरला, जुनी पट्टी त्यावर उभी धरली आणि घासायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तिला धार लावली नव्हती. रबराची काळी भुकटी कागदावर साचत गेली. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. कड सरळ झाली तशी पट्टी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "ओढ."

कोपरा भरून आला. काकूंनी कागद उजेडाकडे धरला. "ही तुझी," म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी नेऊन रडल्या. मीही रडले. त्या दिवशी चहा मीच केला, माझ्या कपात दोन चमचे साखर घातली.

पुढं मी तिथंच राहिले. काकू गेल्या त्याला आता दोन हिवाळे झाले. दुकान मी चालवते, नवशिक्या बायांना जाळी धुवायला लावते, त्यांची तोंडं वाकडी झालेली बघते.

गेल्या महिन्यात काकूंच्या पट्टीनं पाटनच्या पिशव्या छापताना एक सहज उजेडाकडे धरली. मधोमध आडवी गडद रेघ होती. दुसरीवरही होती, तिसरीवरही. मला दमाबिमाचा त्रास नाही, मी कुठं थांबतही नाही. नीट लक्ष देऊन पुन्हा ओढलं, तेव्हा कळलं की अर्ध्यावर हात थांबतो आणि कोणीतरी श्वास घेतं.

पॉलिश कागद खणात आहे. मी तो काढलेला नाही.