पाळण्यातलं पोतं

माझी बायको जाऊन तीन महिने झाले, तेव्हा मुलाने ठरवलं की बाबांचं दुःख हलकं करायचं. म्हणून नातवंडं, सून, विहीणबाई असं सगळं बिऱ्हाड खोपोलीजवळच्या रिसॉर्टात नेलं. दुःख पाळण्यात घालून गरागरा फिरवलं की हलकं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. शिकलो कमी ना.

मोठ्या पाळण्यावर एक माणूस होता. अंगात मालकाने दिलेला जोकरचा लाल कोट, कानावर विडी आणि तोंड मयताला आल्यासारखं. माणसाकडे एकदा बघूनच तो वजन ठरवायचा. विहीणबाईंना म्हणाला, "मावशी, तुमच्यासमोर तीन पोरं लागतील." तिथंच मला तो आवडला.

नातवंडं विहीणबाईंसमोर बसली, मुलगा-सून समोरासमोर. मी एकटा उरलो. त्याने वाळूचं एक पोतं आणून माझ्या समोरच्या फळीवर ठेवलं.

"हे कशाला रं?"

"एकटा माणूस बसला की पाळणा कलतो, बाबा. समोर वजन लागतंच."

"समोर बसणारी गेली माझी."

पोत्यावर हात ठेवून तो म्हणाला, "अंगानं कशा होत्या?"

"काठी. शेवटाला तर कायच उरली नव्हती."

त्याने ते पोतं उतरवलं आणि लहान आणून ठेवलं.

पाळणा सगळा वेळ माझ्याच बाजूला कलत राहिला. खाली आल्यावर मुलाने विचारलं, "बाबा, बरं वाटलं ना?"

"हो," म्हटलं.

तो माणूस माझ्याकडे बघत नव्हता. पोतं मात्र त्याने दोन्ही हातांनी, जपून खाली उतरवलं.